घरच्या लग्नाची बाजू

घरच्या घरी लग्न करायचं म्हटलं की हल्ली शहाणी माणसं समजूत घालायला पुढे येतात. त्यांचं म्हणणं साधारण असं असतं: ते दिवस गेले. तेव्हा वाडे होते, एकत्र कुटुंबं होती, महिनाभर मुक्कामाला येणाऱ्या आत्या-मावश्या होत्या. आता दोन खोल्यांचा फ्लॅट आहे, नवराबायको दोघंही नोकरीला जातात आणि पाहुण्यांना लग्नात येऊन राबायला वेळ नाही. तेव्हा कार्यालय घ्या, केटररला ताटाचा दर विचारा, बाकीचं इव्हेंटवाल्यांवर सोपवा आणि आपल्याच घरच्या कार्यात निवांत मिरवा. याला जोडून आणखी दोन मुद्दे येतात आणि ते वजनदार आहेत. पहिला, घरचं लग्न म्हणजे घरातल्या बायकांची फुकटची राबणूक. दुसरा, ज्या जुन्या गावकीच्या लग्नाची आठवण आपण काढतो, ते जातीच्या उतरंडीवर उभं होतं.

या साऱ्याला मला उत्तर द्यायचं आहे. माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकतो. लग्नातलं काम टाळण्यासारखी कटकट आहे हे गृहीतकच चुकीचं आहे. दोन घरं एकमेकांना खऱ्या अर्थाने ओळखू लागतात ती या कामात. ते सगळं कंत्राटाने देऊन टाकलं तर समारंभ शिल्लक राहतो, पण नातं जुळायची जागा हातची जाते. म्हणून काम घरात ठेवावं, आणि आजवर झाली नाही अशी त्याची न्यायाने वाटणी करावी.

आधी घरचं लग्न कशाला म्हणायचं ते ठरवू. आचारी बोलवायचाच नाही, मांडववाल्याला एक रुपया द्यायचा नाही, असा माझा हट्ट नाही. गावातल्या लग्नातही आचारी असायचाच. शंभर माणसांच्या भाताला पाणी किती आणि जाळ कधी ओढून घ्यायचा हे ज्याला कळतं, त्याला मान आणि मोल देऊन बोलवावं. बांगड्या भरायला कासार यावा, सनईवाले यावेत. कसबाचे पैसे मोजायलाच हवेत. पण काय करायचं हे घरातल्या माणसांनी ठरवावं, बहुतेक काम नात्यातल्या आणि शेजारच्या हातांनी व्हावं आणि यजमानाने पंगतीत उतरून स्वतः वाढावं. एवढं असलं की ते घरचं लग्न, मग ते अंगणात होवो, देवळाच्या सभामंडपात होवो की सोसायटीच्या हॉलमध्ये.

पहिला आक्षेप असा की हे आता शक्य नाही. त्याचं उत्तर आपण सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं आहे. २०२० मध्ये महाराष्ट्रात लग्नाला ५० माणसांची मर्यादा आली. एप्रिल २०२१ मध्ये ती २५ वर आली, सगळा सोहळा एकाच ठिकाणी २ तासांत उरकायचा आणि नियम मोडला तर ५० हजार रुपये दंड भरायचा, असा सरकारी आदेश निघाला. तो काळ दुःखाचा होता, त्यात कौतुक करण्यासारखं काही नाही. पण त्या काळात गच्चीवर, अंगणात, इमारतीच्या पार्किंगमध्ये लग्नं लागली. चुलत भावांनी अंतरपाट धरला, मामाने मंगलाष्टकं म्हटली, आईने आणि शेजारणीने मिळून पुऱ्या तळल्या. त्या जोडप्यांचे संसार इतरांसारखेच चालले आहेत. जे होणारच नाही असं आपण म्हणत होतो, ते वेळ आल्यावर झालं. तेव्हा भीतीपोटी केलं ते आता राजीखुशीने करता येणार नाही, असं मानायला काही कारण दिसत नाही.

कायदा तरी काय मागतो? १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याचं सातवं कलम वधू किंवा वर यांच्यापैकी कोणाही एकाच्या रूढीप्रमाणे विधी व्हावेत एवढंच सांगतं. सप्तपदी त्या रूढीत असेल तर सातव्या पावलाला विवाह पूर्ण होतो. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली लग्न करायचं तर ३० दिवसांची नोटीस आणि तीन साक्षीदार लागतात. २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका प्रकरणात स्पष्टच सांगितलं की आवश्यक विधी झालेच नसतील तर नुसत्या प्रमाणपत्राने हिंदू विवाह सिद्ध होत नाही. लग्न हा नाचगाण्याचा, खाण्यापिण्याचा किंवा हुंडा उकळण्याचा प्रसंग नव्हे, हेही त्याच निकालात म्हटलं आहे. ज्या गोष्टींसाठी आपण घरं गहाण टाकतो, त्यांतली एकही कायद्याला लागत नाही, धर्माला लागत नाही आणि संसाराला तर मुळीच लागत नाही.

आता कामाचा हिशोब मांडू, कारण 'जमणार नाही' असं म्हणणाऱ्यांनी बहुधा तो कधी मांडलेलाच नसतो. दोनशे माणसांचं लग्न धरा. शंभर पानांच्या मसालेभाताला सहा-सात किलो तांदूळ लागतो, वरणाला तीन किलोच्या आसपास तूरडाळ, भाजीला दहा-बारा किलो बटाटे, मठ्ठा पंधरा लिटर. दोनशेला याची दुप्पट. हे काम मोठं आहे, पण ते एका दिवसाचं नाही. तांदूळ-डाळ निवडणं, मसाला भाजून कुटणं, रुखवताच्या चकल्या, लाडू, अनारसे हे कोरडं काम पंधरा-वीस दिवस आधीपासून संध्याकाळचे दोन-दोन तास बसून होतं. भाजी चिरणं, नारळ खवणणं, हार गुंफणं हे आदल्या दिवशीचं. लग्नाच्या दिवशी शिजवणं, तळणं आणि वाढणं एवढंच उरतं. पन्नास-पन्नासच्या चार पंगती केल्या तर वाढायला आठ-दहा तरणी मुलंमुली पुरतात. गावात तरुण मंडळाकडे किंवा देवस्थानाकडे पातेली, पराती, काहिली आणि सतरंज्या असतात. शहरात भांडी भाड्याने मिळतात, सोसायटीचा हॉल असतो आणि मे महिन्यात शाळा रिकाम्या असतात.

स्वच्छतेचा प्रश्न कोणी काढला तर तो रास्त आहे, आणि त्याचं उत्तर भावनेने देऊन चालणार नाही. शिजवलेला भात तासन्‌तास कोमट राहिला की त्यात बॅसिलस सेरियससारखे जंतू वाढतात. त्यांनी तयार केलेलं एक विष असं असतं की भात पुन्हा गरम करूनही ते जात नाही. म्हणून गरम पदार्थ ६० अंश सेल्सियसच्या वर ठेवायचा किंवा पंगतीपुरता करून लगेच वाढायचा. टँकरचं पाणी उकळून गार केल्याशिवाय मठ्ठ्यात घालायचं नाही. भर उन्हाळ्यात खव्याच्या आणि पनीरच्या वाटेला जायचं नाही. घरच्या लग्नाचा बेत वरण, भात, भाजी, पुरी आणि एक गोड एवढाच ठेवावा याचं हे एक कारण आहे: हे अन्न चुलीवरून थेट पानात येतं. बुफेच्या टेबलावर दुपारभर उघडी पडलेली तीस भांडी यापेक्षा सुरक्षित असतात असं कोणी छातीठोकपणे सांगू शकणार नाही.

आता मुख्य गोष्ट. एवढं काम करून मिळतं काय?

खानदेशात खापरावरचे मांडे करायला एकटी बाई पुरत नाही. एक पुरण भरून देते, दुसरी मांडा हातावर फिरवत मोठा करते, तिसरी खापराखालचा जाळ सांभाळते. कोकणात लग्नघरासमोर माटव घालायचा तर वाडीतून घरटी एक माणूस येतो. कोणी पोफळीचे वासे आणतो, कोणी झावळ्या विणतो. देशावर मांडवडहाळे आणायला पोरं गाडी घेऊन शिवारात जातात. जात्याला आणि मुसळाला हळदकुंकू लावून घाणा भरतात तेव्हा ओव्या म्हणाव्या लागतात. त्या ज्या आजीला येतात ती त्या दिवशी घरातली सर्वांत मोलाची व्यक्ती होते. एरवी तिच्या खोलीत औषधाची वेळ झाली म्हणूनच कोणी डोकावतं. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून लाखाच्या वर जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. हा एवढा ठेवा बायकांनी बसून लिहिला नाही. तो काम करता करता, एकमेकींना साथ देत तयार झाला. ते काम थांबलं की ओवी फक्त संग्रहात उरते.

पण माझा मुद्दा परंपरा जपण्यापुरता नाही. मुलीचा मामा आणि मुलाचा चुलता एका परातीशी कांदे चिरायला बसले की तासाभरात त्यांना एकमेकांबद्दल जे कळतं ते दहा बैठकांत कळत नाही. कोण तापट आहे, कोणाचा शब्द भरवशाचा आहे, कोणाला साखर आहे आणि तो ती लपवून लाडू खातो, कोणाच्या घरी आजारपण चालू आहे हे सगळं तिथे समजतं. पुढे सहा महिन्यांनी नव्या संसारात अडचण आली तर पहिला फोन कोणाला करायचा, हे त्या परातीशी ठरलेलं असतं. कार्यालयातल्या लग्नात हीच माणसं स्टेजवर रांगेने चढतात, पाकीट देतात, फोटोत उभी राहतात आणि उतरतात. नवरी मुलगी उद्यापासून ज्यांच्यात राहणार आहे, त्यांच्याशी त्या दिवशी तिचं एवढंच नातं जुळतं. एखादी बाई अडचणीत असताना 'सासरचं कोणी तिचं ऐकून घेणारं नव्हतं' असं आपण नंतर म्हणतो. तिची बाजू घेऊ शकेल असा एखादा दीर, एखादी आतेसासू, एखादा शेजारी लग्नाच्या त्या पंधरा दिवसांत तिच्याशी आणि तिच्या माहेरच्यांशी बोलायला लागला असता. आपण ते पंधरा दिवसच काढून टाकले.

घरच्या लग्नात रुसवेफुगवे होतात, हे मला मान्य आहे. पण आदल्या रात्री चाळीस किलो भाजी चिरायची असते तेव्हा रुसलेल्या माणसाला कोणीतरी समजावून आणावंच लागतं, आणि आणलं जातं. कार्यालयात रुसलेला पाहुणा जेवून निघून जातो आणि तो राग वर्षानुवर्षं उराशी ठेवतो. कामाची निकड भांडण मिटवायला भाग पाडते, आणि जी दोन घरं यापुढे जन्मभर बांधली जाणार आहेत, त्यांना भांडण मिटवायची सवय पहिल्या आठवड्यातच लागावी यात वाईट काय आहे?

'पाहुण्यांना राबायला बोलावणं बरं दिसत नाही' असंही म्हटलं जातं. माणसांना सरसकट गृहीत धरणं वाईटच. पण 'शनिवारी दोन तास या, नारळ खवायला' असं नाव घेऊन, वेळ सांगून विचारलं तर बहुतेक जण आनंदाने येतात आणि ज्यांना जमत नाही ते मोकळेपणाने तसं सांगतात. माणसांना लग्नात काही काम नसतं म्हणूनच ती उशिरा येतात, जेवतात आणि लवकर निघतात. काम दिलं की त्यांचं त्या घरात काहीतरी गुंतलेलं राहतं.

आता सर्वांत खरा आक्षेप. लग्नघरातली थोरली सून पहाटे चारला उठते, शेवटच्या पंगतीला जेवते आणि एकाही फोटोत दिसत नाही. रुखवत तिने मांडायचं, मानाच्या साड्या कोणाच्या हे तिने लक्षात ठेवायचं, विहिणीच्या पुढे तिने वाकायचं. पुरुष मांडवात खुर्च्या टाकून बसतात आणि चहाची वाट पाहतात. आणि जिचा नवरा गेला आहे, तिने स्वतःच्या लेकाच्या हळदीलाही दाराआड उभं राहायचं. हे अजूनही होतं आणि ते लाजिरवाणं आहे. ज्या लेखिका आणि कार्यकर्त्या यावर बोट ठेवतात त्या शंभर टक्के बरोबर आहेत.

पण यावर कंत्राट हा उपाय आहे का? कार्यालयाच्या मागच्या बाजूला जाऊन पाहा. रात्रभर चपात्या लाटणाऱ्या, खरकट्याच्या टबाशी दिवसभर वाकलेल्या बायका रोजंदारीवर आलेल्या असतात. वरातीत डोक्यावर विजेचे दिवे घेऊन बायका चालतात. मागून केबल ओढली जाते आणि पुढे आपली मंडळी नाचतात. त्यांना कोणी 'जेवलात का' म्हणून विचारत नाही. राबणं संपलेलं नाही, ते आपल्या घरातून उचलून अधिक गरीब बाईच्या अंगावर टाकलं गेलं आहे, आणि तिचं नाव आपल्याला माहीत नाही. शिवाय केटरर नेमल्याने घरच्या बाईचीही सुटका झालेली नाही. खरेदी, केळवणं, पाहुण्यांची अंथरुणं, देण्याघेण्याचे हिशोब हे सगळं अजून तिच्याकडेच आहे. गेले ते तिच्या सोबतीला येऊन बसणारे हात.

उपाय आहे वाटणीचा. पुरुषांना स्वयंपाक येत नाही ही सबब महाराष्ट्रात तरी कोणी सांगू नये. गावोगावच्या अखंड हरिनाम सप्ताहात काल्याच्या दिवशी हजारो माणसांची आमटी पुरुष करतात. जत्रेचा महाप्रसाद पुरुष शिजवतात, गणेश मंडळाच्या जेवणात पुरुष वाढतात आणि भांडीही पुरुषच घासतात. तेच हात स्वतःच्या मुलीच्या लग्नात बटाटा सोलायला पुढे येत नाहीत, तेव्हा अडचण कौशल्याची नसते. देवाच्या दारी केलेलं काम मानाचं आणि घरात केलेलं काम बायकांचं, ही समजूत मोडायला लग्नाइतकी चांगली जागा नाही, कारण तिथे सगळं गोत बघत असतं. विधवांच्या बाबतीतही तसंच. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि पुढे राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींनाही तसं आवाहन केलं. तो ठराव जिवंत व्हायचा तर तो हळदीच्या पाटावरच व्हायला हवा. घरच्या लग्नात तो निर्णय घरच्यांच्या हातात असतो. कोणाला पुढे बसवायचं हे ठरवायला कोणाची परवानगी लागत नाही.

जातीचा मुद्दाही टाळून चालणार नाही. जुन्या गावातलं लग्न बलुत्यावर चालायचं. कुंभाराने मडकी आणायची, परटाने पायघड्या घालायच्या, गुरवाने पत्रावळी द्यायच्या, आणि वाजंत्री वाजवणाऱ्याने मांडवाबाहेर थांबून उरलेलं अन्न पदरात घ्यायचं. त्या व्यवस्थेची आठवण काढून गहिवरणाऱ्यांशी माझं काही देणंघेणं नाही. पण हेही लक्षात घ्या की घरच्या लग्नाचा दुसरा, वेगळा वारसा याच महाराष्ट्रात आहे, आणि तो ज्यांना मांडवाबाहेर ठेवलं होतं त्यांनीच उभा केला.

२४ सप्टेंबर १८७३ ला पुण्यात सत्यशोधक समाज स्थापन झाला आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरला पहिला सत्यशोधक विवाह लागला. त्यासाठी सावित्रीबाई फुले यांनी पुढाकार घेतला. भटजी नव्हता, दक्षिणा नव्हती, खर्च अगदी थोडा होता. सोबतीला होते ते समाजाचे कार्यकर्ते आणि मित्र. वधूवरांनी एकमेकांना काय वचन द्यायचं ते जोतीरावांनी मराठीत रचून दिलं. पुढे ओतूरसारख्या गावी पुरोहिताशिवाय लग्नं लागली तेव्हा दक्षिणेच्या हक्कासाठी खटले उभे राहिले, इतका त्याचा धसका होता. १४ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या धम्मदीक्षेनंतर वस्त्यावस्त्यांतून बौद्ध पद्धतीने लग्नं लागू लागली: बुद्ध आणि बाबासाहेबांच्या प्रतिमेपुढे पांढऱ्या वस्त्रांतले वधूवर, त्रिशरण, पंचशील आणि सगळ्या वस्तीने मिळून केलेलं जेवण. आपलं कार्य आपल्या हाताने करणं हा या घरांतला स्वाभिमान होता. ज्ञान प्रबोधिनीने विधींचा अर्थ मराठीत समजावून सांगणारी लग्नं लावली, स्त्रियांना पौरोहित्य शिकवलं. म्हणजे लग्न मध्यस्थांच्या हातून काढून माणसांच्या हाती देणं ही आपल्याकडे सुधारकांची चाल राहिली आहे. आज पुरोहिताच्या जागी इव्हेंटवाला आला आणि दक्षिणेच्या जागी पॅकेज आलं, एवढाच फरक. त्या सुधारकांचा वारसा सांगणाऱ्या घरांनी निदान हा प्रश्न स्वतःला विचारावा.

शेवटी पैसा. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखतं जाळली आणि दंगा पुणे-नगर भागात पसरला. कुणबी लग्नात उधळतो म्हणून कर्जात बुडतो, असं तेव्हाही म्हटलं जात होतं. दंग्यानंतर नेमलेल्या आयोगाने मात्र या म्हणण्याला वाजवीपेक्षा जास्त महत्त्व दिलं जातं असं नोंदवलं. अधूनमधून येणाऱ्या लग्नापेक्षा धान्य, बियाणं, बैल आणि सरकारी सारा यांची सततची देणी त्याला जास्त बुडवतात, असा आयोगाचा निष्कर्ष होता. मला याचं एक कारण दिसतं. त्या लग्नाचा मोठा भाग घरचं धान्य आणि भावकीचे हात उचलत होते. आज शेतकऱ्याच्या लग्नातली प्रत्येक ओळ रोख पैशाची आहे: कार्यालय, डेकोरेशन, साउंड, ड्रोन, प्री-वेडिंग शूट. धान्य घरात असतं आणि पाहुण्यांना जेवण मात्र ताटाच्या दराने विकत घेऊन घातलं जातं. गाडगे महाराजांनी आयुष्यभर कीर्तनातून सांगितलं की कर्ज काढून लग्न करू नका. त्यांनी स्वतःच्या मुलीच्या बारशाला मटण-दारूची रीत मोडून लोकांना गोड जेवण घातलं आणि गोतावळ्याचा राग ओढवून घेतला. त्यांच्या नावाच्या अभियानात आपण दरवर्षी गाव झाडतो. हा दुसरा उपदेश मात्र आपण सोयीने बाजूला ठेवला.

हुंडा तर याच खर्चाच्या आडून घरात शिरला आहे. १९६१ च्या कायद्याने हुंडा गुन्हा ठरला. तेव्हापासून मागण्याची भाषा बदलली: 'आम्हाला काही नको, फक्त लग्न थाटात करून द्या.' या एका वाक्यामागे मुलीच्या बापाची दोन एकर जमीन जाते आणि त्याला कोणी हुंडा म्हणत नाही. दोन्ही घरांनी मिळून, दोन्ही घरांच्या हातांनी केलेल्या लग्नात हे वाक्य उच्चारायला जागाच राहत नाही. ज्याचा भाऊ स्वतः भाताच्या पातेल्याशी उभा आहे, तो 'करून द्या' कोणाला म्हणणार?

पुणे जिल्ह्यातल्या एका सुनेच्या मृत्यूनंतर २०२५ मध्ये अहिल्यानगरला मराठा समाजाच्या बैठकीत लग्नाची आचारसंहिता ठरली. माणसं मोजकी असावीत, डीजे नको, प्री-वेडिंग नको असं त्यात होतं. इतर समाजांतही असे ठराव होत आले आहेत आणि त्यांचं स्वागतच करायला हवं. पण काय करू नये याची यादी माणसं फार दिवस पाळत नाहीत. डीजे काढून घेतला तर त्या रिकाम्या संध्याकाळी काय करायचं, हे ठरवायला हवं. माझं उत्तर आहे की त्या संध्याकाळी सगळ्यांनी मिळून उद्याची भाजी चिरायची.

ज्या घरात आजारपण आहे, जिथे दोनच म्हातारी माणसं आहेत, जिथे मुलीने घरच्यांच्या विरोधात लग्न केलं आहे, त्यांनी नोंदणी करावी आणि चार मित्रांना जेवू घालावं; त्यांच्यावर कसला हट्ट लादू नये. हजार पत्रिका वाटायच्या असतील तर घरचं लग्न जमणार नाही, हेही खरं. तेव्हा पत्रिका कमी करा. ज्यांची नावं आठवायला वही काढावी लागते, त्यांना लग्नानंतर पेढे दिले तरी चालतात.

लग्न ठरलेल्या मुलामुलींना माझं सांगणं आहे. पश्चिम महाराष्ट्रात बोलणी पक्की झाली की याद्या करतात. कागदावर सोनं, कपडे, मानपान, कोणता खर्च कोणाचा हे लिहून वडीलधारे सह्या करतात. तुमच्या याद्यांच्या दिवशी तो कागद तुम्ही हातात घ्या आणि त्यावर कामं लिहा. भात: मुलाचे काका आणि मुलीचा मामा. पुऱ्या: दोन्हीकडचे भाऊ. वाढणं: नवऱ्या मुलाचे मित्र आणि नवरीच्या मैत्रिणी. खरकटं उचलणं: मुलाकडचे पुरुष. हळद: घरातली प्रत्येक बाई, नवरा असलेली आणि नसलेलीही. शेवटची पंगत: ज्यांनी रांधलं त्यांची, आणि त्या पंगतीला नवरानवरी वाढतील. हे लिहून दोन्हीकडच्यांच्या सह्या घ्या. ज्यांना हा कागद मान्य नाही त्यांच्याशी आत्ताच भांडा, कार्यालयाची आगाऊ रक्कम भरायच्या आधी. ज्या घराला तुमच्या लग्नात एक परात उचलणं कमीपणाचं वाटतं, ते घर तुमच्या संसारात काय उचलेल, हे तुम्हाला त्याच दिवशी कळलेलं बरं.